पहिले पन्नास तास

लाँचवरच्या गोष्टी माझ्याकडे इतक्या साठल्यात, की मी घसा खाकरला तरी घरचे उठून जातात! तुम्ही अजून बसलाय, तेव्हा ऐका.

चाळीस सालाच्या आसपास भाटघर धरणाच्या पाण्यावर आमच्या मालकांची लाँच होती. वेल्ह्याच्या अंगाची माणसं तिच्यातून भोरच्या बाजाराला यायची. मी तिकिटं फाडायचो. पहिल्या दिवसापासून माणसं कोंबून तिचं डिझेल इंजिन आम्ही महिन्यात खाल्लं! मालकांनी नवं आणलं आणि बजावलं, "हे गेलं तर लाँच बंद." म्हणजे पलीकडच्यांना पुन्हा डोंगराला वळसा घालून दिवसभराची पायपीट.

इंजिनाबरोबर दाभोळचे इब्राहीम मिस्त्री आले. पहिलाच हुकूम, "पन्नास तास अर्धीच माणसं. नवं इंजिन आधी हलक्या ओझ्यावर रुळू द्या."

*

पहिल्यांदा इंजिन सुरू करायचं हँडल मारायला भोंगवलीचा एक पैलवान पुढं झाला. मिस्त्री म्हणाले, "अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवा. उलटा झटका बसला तर मनगट जाईल."

"ह्ये मनगट?" पैलवानानं हसून मूठ आवळली.

इंजिनानं एकच झटका दिला. मनगट वाचलं, पैलवान पाण्यात! वर आला तो अंगठा पुढं करून, "ह्यो कुठं ठिवू म्हनला?"

*

लाँचच्या कुशीतल्या नळीतून पाण्याची धार पडत होती. एका आजोबांनी ती पाहिली आणि मुंडाशाचा बोळा करून नळीत कोंबला. इंजिन तापून वास सुटला, तसं मिस्त्रींनी धावत येऊन ते बंद केलं.

"अहो, इंजिन थंड करून बाहेर पडणारं पाणी आहे ते!"

"व्होडी गळतीया, म्या बुजवली, अन् वर मलाच वरडताय?"

त्या दिवसापासून मिस्त्री दर फेरीला धारेखाली हात धरायचे. धार कोमट असली की त्यांचा चेहरा खुलायचा.

*

एकदा खुद्द मालक आले. मिस्त्रींनी माणसं मोजली. "मालक, भरली. तुम्ही पुढच्या फेरीला."

काठावर सखूबाई धनगरीण शेळी धरून बसली होती. शेळीला जागा नाही म्हणून ती दर बाजाराला मागं राहायची. तिनं घोंगडी सरकवली, "बसा मालक. सवय व्हतीया हळूहळू."

मालक बसले.

*

पन्नास तास भरले. बाजाराचा दिवस, काठावर ही गर्दी. मिस्त्री ओरडले, "आज सगळे बसा!"

कुणी हलेना! इतके दिवस जागेसाठी भांडणारे आता "तुमी व्हा म्होरं" करायला लागले. पहिल्या इंजिनाची गत सगळ्यांनी पाहिली होती. खोटं कशाला बोलू, माझाही एक पाय जमिनीवरच होता. मिस्त्रींनी इंजिन चालू केलं आणि ते रिकाम्या बाकांकडे बघत उभे राहिले. मला फार वाईट वाटलं त्यांचं.

तेवढ्यात सखूबाई शेळीला ओढत लाँचवर चढली. नळीपाशी फतकल मारली. एक हात शेळीच्या कानाला लावला, दुसरा त्या धारेखाली धरला.

"दोघास्नीबी ताप न्हाई," ती म्हणाली. "चला!"