धसईला राहिलेला पिस्टन

शहापुरात तेव्हा शर्यतीची मोटार एकच होती. ती माझी होती आणि ती चालत नव्हती.

मुंबईला पाणी पुरवणाऱ्या तलावावर नोकरीला असलेला एक गोरा इंजिनिअर विलायतेत लढाई सुरू होताच मायदेशी निघाला. जाताना आपली लाल, बिनछपराची, दोन माणसांची मोटार त्यानं मला इतक्या स्वस्तात दिली, की त्याच्या डोळ्यांतलं पाणी मी विरहाचं समजलो. (ते हसू दाबल्यामुळं आलं होतं, हे मला आठवड्यानं कळलं.) आठव्या दिवशी शेणव्याच्या चढावर मोटारीनं मोठ्ठा बार काढला, धूर सोडला आणि मान टाकली. आमच्या भातगिरणीचं इंजीन सांभाळणारा गणू मिस्त्री आला, बराच वेळ आत डोकं घालून राहिला आणि काळा होऊन बाहेर निघाला.

"शेठ, चार पिस्टन असतात. तीन बरे हायेत. चवथ्याचा भुगा झालाय."

"मग तिनावर चालव!"

"तुमी तीन पायांचा बैल नांगराला जुपाल का?"

पिस्टन म्हणजे काय, हे मलाही तेव्हाच कळलं. पांढऱ्या धातूचा, एका बाजूनं बंद असलेला छोटा पेलाच तो. बाहेरून वळ्या, आणि कुशीला समोरासमोर दोन भोकं. एवढ्याशा पेल्यावाचून मोटार अडते, हे मला अजूनही पटलेलं नाही.

त्यानंतर पंधराच दिवसांनी माझं लग्न होतं, आणि नवरीला मोटारीतून नेणार असं मी तिच्या माहेरी, धसईला, घरोघर सांगून बसलो होतो. नेली बैलगाडीतून. ते सगळं माझ्या बायकोनं, इंदूनं, दोन वर्षं मनात साठवलं आणि तिच्या भावाचं, वसंताचं, लग्न ठरलं तेव्हा बाहेर काढलं. त्यात अप्पांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, भर बाजारात जाहीर करून टाकलं होतं की लग्नाच्या दुसऱ्या दिवशी नवरा-नवरी जावईबापूंच्या मोटारीतून देवीच्या दर्शनाला जाणार. (मोटारीत जागा दोन. बसणार नवरा आणि नवरी. मग हाकणार कोण, हा प्रश्न कुणालाच पडला नाही. मलाही नाही!)

"एकदा माझी मान खाली गेली ती गेली," इंदू म्हणाली. "या खेपेला मोटार चालली नाय, तर मी धसईलाच ऱ्हाणार. तुमी त्या मोटारीसंगं संसार करा!"

आणि ती खरंच ट्रंक भरून माहेरी गेली. घरात मी आणि तीन पिस्टन उरलो.

नवा पिस्टन विलायतेहून यायचा, आणि विलायतेची जहाजं तेव्हा बुडण्यात गुंतली होती. आला असता तरी त्याची किंमत अख्ख्या मोटारीपेक्षा जास्त! तेव्हा जुना शोधायचा. पण त्यासाठी नमुना हवा, आणि नमुन्याचा तर भुगा झालेला; बरे तीन बाहेर काढायला गणू तयार नव्हता. गणू म्हणाला, पिस्टन ज्यात बसतो त्या भोकाचं माप घ्या. मी इंदूच्या काचेच्या बांगड्या एकामागून एक इंजिनात घालून पाहिल्या. दोन आत फुटल्या. (त्यांचे तुकडे काढायला गणूला दोन दिवस लागले.) तिसरी मात्र बेताची बसली. ती खिशात घालून मी मुंबईचा भंगारबाजार गाठला.

"शेठ, बांगडीवाले पुढच्या गल्लीत," पहिला दुकानदार म्हणाला.

"बांगडी नको. हिच्या मापाचा पिस्टन हवाय."

"बाईंच्या हातात पिस्टन घालणार?"

सगळा बाजार गोळा झाला. पिस्टन मिळाला नाही, पण चार जणांनी मला चहा पाजला आणि जाताना एकानं पाठीवर हात फिरवून "सगळं ठीक होईल" असं सांगितलं. मुरबाडच्या एका सुतारानं सागाचा पिस्टन करून देतो म्हटलं. "पन्नास वर्सं जागचा हलणार नाय!" अशी हमीही दिली. पिस्टन जागचा हलला नाही तर मोटार कशी हलणार, हे त्याला समजावताना माझाच गोंधळ उडाला आणि त्याचंच बरोबर असावं असं वाटू लागलं.

लग्न जवळ आलं, तसा मी मनाचा हिय्या केला. मोटारीला बैल जुंपले आणि गणूबरोबर ती डोळखांबच्या वाटेनं धसईला पुढं धाडली. पिस्टन मिळताच तिथंच बसवायचा! मी स्वतः कल्याणला गेलो आणि ऐन लग्नाच्या दिवशी सकाळी एका भंगारवाल्याच्या दुकानात मला तो दिसला. भंगारवाल्यानं त्याच्या भोकांत उदबत्त्या खोचल्या होत्या. मी खिशातून बांगडी काढली. बरोबर तेवढाच! भंगारवाल्यानं माझं तोंड पाहिलं आणि किंमत तिथल्या तिथं वाढवली. शेवटी लग्नासाठी शिवलेला नवा कोट अंगातून काढून दिला, तेव्हा कुठं पिस्टन हातात पडला.

मी धसईला पोचलो तेव्हा संध्याकाळ झाली होती. ज्या लग्नासाठी हा सगळा खटाटोप, ते नवरीच्या गावी सकाळीच लागून गेलं होतं आणि वरात परत येण्याच्या बेतात होती. घरात बायकांची नुसती धावपळ. गणूनं पिस्टन रॉकेलनं घासून रुप्यासारखा लख्ख केला. "उद्या उजाडताच बसवतो," म्हणाला, "पन तवर जपा." पाहुण्यांची पोरं सगळीकडं हात घालत होती. जिथं कुणी हात लावणार नाही अशी जागा घरात एकच. मी तो देवघरात देवांशेजारी ठेवला आणि मागीलदारी हातपाय धुवायला गेलो.

तोंड पुसत परत आलो, तर वरात दारात! नवरी उंबऱ्याबाहेर उभी, आणि उंबऱ्यावर ओलांडायला तांदळानं भरून ठेवलेलं माप. माप लहानसंच होतं. पांढरं, चकचकीत, बाहेरून वळ्या असलेलं, हळदकुंकू लावलेलं. कुशीच्या दोन भोकांतून तांदूळ गळू नयेत म्हणून त्यांत कणकेच्या गोळ्या बसवलेल्या!

झालं होतं असं, की लगीनघाईत घरातलं पितळी माप कुठं सापडेना. सासूबाई रडकुंडीला येऊन देवघरात गेल्या, तर देवांशेजारी कोरं माप! देवच पावले म्हणायचे. लग्नाच्या दिवशी देवघरात मोटारीचा भाग कोण ठेवतं?

नवरीनं उजवा पाय उचलला.

"थांबा!" मी ओरडलो.

वाजंत्री बंद पडली. नवरी एका पायावर तशीच उभी राहिली. नव्या सुनेला उंबऱ्यावर अडवणारा जावई धसईनं तोवर पाहिला नव्हता.

"काय झालं, जावईबापू?" सासूबाईंचा चेहरा पांढराफटक.

"ते माप नाही! तो पिस्टन आहे!"

"पिष्टन म्हंजे काय गो?" एक म्हातारी.

"कायतरी अशुभ असंल," दुसरी.

"यांचा कोट कुठं गेला?" इंदू.

"मुहूर्त टळतोय!" भटजी ओरडले. "पाय लावा!"

"हळू लावा!" मी ओरडलो.

इतका वेळ एका पायावर उभी राहून बिचारी अवघडली होती, त्यात आम्ही दोघं दोन बाजूंनी ओरडतोय. तिनं घाबरून पाय असा झाडला, की पिस्टन उंबऱ्यावरून उडाला, तांदूळ उधळत ओटी पार करून गेला आणि उखळावर ठण्णकन आपटून गणूच्या पायाशी थांबला. गणूनं तो उचलून दिव्याला धरला.

"शेठ, खरचटलंसुदिक नाय! सकाळी बसवतो!"

आनंदानं मी उडीच मारली. पण खाली येईतो सासूबाईंनी गणूच्या हातातून पिस्टन घेऊन पदराखाली झाकला होता.

"लक्ष्मीचा पाय लागलेलं माप घराबाहेर जात नाय."

"सासूबाई, पितळेचं नवं आणून देतो!"

"पाय याला लागलाय, नव्याला नाय."

"माप घरातच ऱ्हाईल," अप्पा ठामपणे म्हणाले, "आन उद्या मोटारपन चालंल. आपन शब्द दिलाय!"

"कशानं चालंल?" गणूनं विचारलं. अप्पा कळशी उचलून विहिरीकडं गेले.

मी वाद घालायला तोंड उघडलं, तेवढ्यात नवरीकडं लक्ष गेलं. भर उंबऱ्यावर आपल्याला थांबवलं, म्हणजे आपणच काही अपशकुन आणला, असं वाटून ती पोर घळाघळा रडत होती. मला माझी फार लाज वाटली. दोन वर्षं एका पेल्यामागं धावणारा माणूस दुसऱ्याचा गृहप्रवेशही धड होऊ देत नाही!

"वहिनी," मी म्हणालो, "शकुन चांगलाच झाला. हे माप मी तुमच्यासाठीच आणलंय. कल्याणहून."

इंदू माझ्याकडं बघत राहिली. तिच्या मानेचं आता काय होणार, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी नवरा-नवरी मोटारीतूनच देवीला गेले. पुढं बैल होते, इतकंच. वसंता चाक धरून ऐटीत बसला होता. धसईला तमाशा झाला. परत आल्यावर नवरी इंदूच्या कानात म्हणाली, "वन्सं, मोटार लय झ्याक हाय. पन आमच्या गाडीत दोन बैलांना सा मानसं बसतात."

मी मुकाट्यानं निघायची तयारी केली, एकट्यानं. तर इंदू ट्रंक घेऊन आली आणि मोटारीत चढून बसली.

"अगं, ती चालत नाही."

"ठाव हाय मला. बसा. गणू, हाक बैल."

डोळखांब गेलं, शेणवा आला, ती मान ताठ ठेवून बसली होती. शहापुरात शिरताना शेजारच्या काकू धावत आल्या. "इंदू, चालली का गो मोटार?"

"चालली तर! धसईपासनं एकदासुदिक बंद पडली नाय!"

त्याच वेळी बैलांनी शेण टाकलं. काकू बैलांकडं आणि मग माझ्याकडं बघू लागल्या. काहीतरी करणं भाग होतं, म्हणून मी भोंगा वाजवला. भोंगा दणदणीत वाजला. बैल बिथरले, उधळले, आणि दोन वर्षांत पहिल्यांदाच माझी मोटार शर्यतीच्या मोटारीसारखी धावली, ती थेट घरापुढच्या उकिरड्यापर्यंत!