फरीदाचाचीची पायरी

मला कुलपांचा राग आहे. घराला असावं, दुकानाला असावं. पण शाळेतल्या विज्ञानाच्या कपाटाला कुलूप पाहिलं की माझं डोकं तापतं. औंधच्या आमच्या शाळेत असं एक कपाट होतं. त्यात मुलांसाठीच आलेला सूक्ष्मदर्शक प्लास्टिकच्या पिशवीसकट वर्षानुवर्षं सुखाने झोपला होता. मी विज्ञान शिकवते, पण मलासुद्धा तो काचेबाहेरूनच दाखवायची मुभा होती.

त्याला बाहेर काढलं ते फरीदाचाचीने.

यमाईच्या डोंगराकडे जाणाऱ्या रस्त्यावर चाचीचं शिलाईचं दुकान आहे, म्हणजे घराचाच ओटा. निम्म्या गावाची मापं तिला तोंडपाठ. नवरा गेल्यापासून घरात ती आणि नात शिफा. शिफाचे आईवडील कामाला पुण्यात असतात. एकदा गणवेश द्यायला चाची शाळेत आली आणि कपाटापुढे थबकली.

"ही दुर्बीण कुणाची, बाई?"

"मुलांची."

"मग पोरं कवा बगत्यात?"

मी कुलपाकडे बोट दाखवलं. चाची तडक मुख्याध्यापकांच्या खोलीत गेली.

आमचे आप्पासो सर मनाने वाईट नाहीत. शाळेची एकही वस्तू न मोडता, न हरवता निवृत्त व्हायचं, एवढा एकच ध्यास त्यांनी घेतलेला. चाची म्हणाली, "आवं सर, माझ्याकडं पोरी मशीन शिकत्यात. अजून कुणी सुई मोडली न्हाई. दिवाळीपत्तर द्या मला. ऐतवारी पोरं माझ्या ओट्यावर बसून बगतील." सरांनी पुष्कळ आढेवेढे घेतले. शेवटी 'हो' म्हणाले, पण अट घातली. काही बिघडलं, तर तो परत कपाटात जाणार आणि पुन्हा कुणी मागायचा नाही. मध्येच येऊन आपण पाहणार, हेही त्यांनी सांगून ठेवलं.

मी चाचीला एकदाच सगळं दाखवलं. बाकीचं तिने तिच्या पद्धतीने बसवलं. शिलाई मशीन आत दुमडून त्याच्या फळीवर सूक्ष्मदर्शक ठेवला, कारण ती फळी हलत नाही. खालचा आरसा मोकळ्या आभाळाकडे वळवला. उन्हाकडे वळवायचा नाही, डोळा जाईल, ही तिची पहिली ताकीद. आधी सगळ्यात छोटी लेन्स लावायची. ती खाली आणताना आत बघायचं नाही, बाजूने बघायचं. "मशीनचा पाय टेकवताना कसं बगता? तसंच. काचंला टेकायच्या आत थांबायचं. मग डोळा लावायचा आन् चाक हळूहळू वर घ्यायचं. खाली न्हाई, वरच." पोरं एक डोळा तळव्याने दाबून धरायची. चाची तो हात काढायची. "दोनी उगडं ठेव रं. सुई ओवायची न्हाई तुला."

कांद्याचा पापुद्रा पहिल्यांदा दिसला तेव्हा शिफा किंचाळलीच. विटांची भिंत रचावी तशी घरं एकाला एक लागून! त्या दिवशी मला माझ्या सगळ्या फळ्यावरच्या आकृत्यांची लाज वाटली.

आणि एक नियम होता. घाई केली, काच फोडली, लेन्सला बोट लावलं, तर पाळी गेली. त्याने ओट्याच्या पायरीवर बसायचं आणि त्या दिवशी आत डोकवायचं नाही. रडारड चालायची नाही. पायरीवर बसलेल्याला चाची पाणी द्यायची, चिक्की द्यायची, पण पाळी द्यायची नाही.

माण तालुक्यातून आमच्याकडे शिकायला आलेला सिद्धू नावाचा मेंढपाळाचा पोरगा आहे. त्याने पुढच्या रविवारी मेंढीची लोकर आणायची कबूल केली. चाचीला त्याचं कोण कौतुक! जन्मभर कापड हाताळलेलं, पण धागा आतून कसा असतो ते कधी पाहिलेलं नाही. आठवडाभर जो भेटेल त्याला ती सांगत होती, "ऐतवारी लोकर बगणार आमी."

घोळ झाला तो शनिवारी. दर शनिवारी संध्याकाळी चाची मशीनला तेल देते. जिथे भोक तिथे थेंब, हा तिचा पाठ. शेजारी सूक्ष्मदर्शक उभा होता, त्याची लेन्सची चकती फिरताना कुरकुरत होती. चाचीने तिलाही तेल पाजलं, आणि तेही सढळ हाताने.

रविवारी मी पोचले तेव्हा पोरं सूक्ष्मदर्शकाभोवती गोळा झाली होती. आत नुसतं धुकं आणि त्यात इंद्रधनुष्याची वलयं. तेल लेन्सवर उतरलं होतं. चाचीने एकदा पाहिलं, मान वर केली आणि म्हणाली, "हे मी केलं." मग उठली आणि पायरीवर जाऊन बसली.

मला हसावं की रडावं कळेना. माझ्या पर्समध्ये चष्मा पुसायचं पाणी होतं. चाचीने पायरीवरूनच सांगितलं, "शिफा, जुन्या मलमलीचा तुकडा घे. घासू नगंस. टिप." शिफाने श्वास रोखून लेन्स टिपली, पुन्हा टिपली. धुकं गेलं. काच लख्ख झाली, ओरखडासुद्धा नाही. आम्ही काचेवर लोकर लावतोय तोवर आप्पासो सर ओट्यासमोर हजर.

सगळं जागच्या जागी होतं. कुणी काही बोललं नसतं तर सरांना पत्ता लागला नसता. मी चाचीला डोळ्यांनी खुणावलं. तिने पाहिलं आणि सरळ दुर्लक्ष केलं.

"सर, मी ह्यात मशीनचं तेल घातलं व्हतं. पोरांनी निस्तारलं. पोरांची चूक न्हाई."

आता हा परत कपाटात जाणार. संपलं, म्हटलं. सरांनी वाकून लेन्स निरखली. मग त्यांनी विचारलं, "तुम्ही पायरीवर का?"

"दादीची पाळी गेली," शिफा म्हणाली. "नियम हाय."

"आता लोकर लावलीय सर," सिद्धूने सांगितलं. "बगायचं तर रांगेत शंभूराजच्या मागं उभं ऱ्हावा."

आणि सर खरंच रांगेत उभे राहिले. पाळी आल्यावर वाकले. "काळ्या काड्या दिसतायत."

"त्या तुमच्याच पापण्या हायत्या. जरा मागं व्हा," सिद्धू म्हणाला.

सर मागे झाले आणि मग हललेच नाहीत. "खवले आहेत," ते पुटपुटले. "केसाला खवले आहेत!"

पायरीवरून चाचीने मान उंचावली. "एकीकडंच तोंड करून हायती का?"

"हो. सगळे एकीकडेच."

"तरीच! म्हणून घोंगडं एका अंगानं मऊ लागतं, उलटा हात फिरवला की टोचतं." तिचा चेहरा असा उजळला की मला राहवेना. सरांनाही राहवलं नसावं. "या चाची, बघा एकदा."

"न्हाई सर. फुडच्या ऐतवारी."

या बाईचं मी काय करू? आठवडाभर जिची वाट पाहिली ती लोकर चार पावलांवर, आणि ही हात मांडीवर ठेवून बसलेली. तिच्याइतकं खरं वागणारं माणूस मी पाहिलेलं नाही, हे तिला तोंडावर सांगितलं तर ती मलाच पायरीवर बसवेल.

सर सावकाश ओट्यावरून उतरले. आता सूक्ष्मदर्शक परत मागणार, म्हणून शिफा त्याच्या आडवी उभी राहिली. सरांनी तो मागितला नाही. ते पायरीवर चाचीच्या शेजारी बसले.

"सर, तुमी का हितं?" चाची म्हणाली.

"तुम्ही एक दिवस तेल घातलं," सर म्हणाले. "मी तर इतकी वर्षं कुलूप घातलं होतं."

चाचीने चिक्कीचा तुकडा मोडून अर्धा त्यांच्या हातावर ठेवला. वर ओट्यावर सिद्धू पुढच्याला हाक मारत होता.