एक अब्ज सात

मी पत्रकांवर वाढलो. बाबा चौकात उभे राहून ग्रह-ताऱ्यांच्या धंद्याविरुद्ध पत्रकं वाटायचे आणि उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर मी गणितं सोडवायचो. दुबईजवळ अजमानला मामाकडे राहायला आलो, तेव्हा हा सगळा दारूगोळा माझ्या डोक्यात होता.

मामा रास अल खैमाला टाइल्सच्या कारखान्यात. आठवड्यातले पाच दिवस तिकडेच, शनिवार-रविवार घरी. अखेर त्यांना शेजारच्या शारजात नोकरी मिळाली. म्हणजे रोज घरी. मामीनं लगेच दोघांच्या संध्याकाळच्या चहासाठी बाल्कनीत दुसरी खुर्ची आणून ठेवली.

ऑफर आली. नव्या कंपनीत माणसं सहा, पण एम्प्लॉयी नंबर दहा आकडी, कंपनी मोठी वाटावी म्हणून. मामा सातवे: १००००००००७.

मामांनी बोटांवर बेरीज केली. "एक नि सात, आठ. आठ म्हणजे शनी! खलास."

रविवारी संध्याकाळी पाचपर्यंत सही करायची होती. मामांनी एचआरला फोन लावला. "मॅडम, आखिर में आठ वाला नंबर दीजिए ना. टोटल नौ आता है."

"सर, पहले सातवाँ तो साइन करे," ती म्हणाली. "आप नहीं, तो कोई और."

चार वाजले. मी भाषण सुरू केलं: शोषण, अज्ञान, विवेक. मामा म्हणाले, "यल्ला, संपव."  मामी ती दुसरी खुर्ची घडी करून आत आणत होती.

दहावीतल्या मामेबहिणीनं लॅपटॉपवरून मान वर केली. "पपा, इट्स अ प्राइम. नथिंग डिवाइड्स इट."

"म्हणजे?"

मला राहवलं नाही. "मूळ संख्या, मामा. हिनं बत्तीस हजारांच्या आतले सगळे भाजक लावून बघितले, एकानंही भाग जात नाही. एक आणि ती स्वतः, बस. तुम्हाला हवा असलेला शेवटी आठवाला नंबर? त्याला दोननं जातो, तीननं जातो, नऊनं जातो. अगदी बहात्तरनंही जातो! कुणीही यावं आणि तुकडे करावेत."

मामा ताठ बसले. "म्हणजे ह्याला शनीसुद्धा तोडू शकत नाही?"

मामीची नजर माझ्यावर. पाचला वीस मिनिटं कमी होती. गप्प बसलो असतो, तर बाबांची सगळी पत्रकं रद्दीत गेली असती.

"मामा, खरं सांगतो. याचा नशिबाशी काडीचा संबंध नाही."

"तू कांदा चीर जा!" मामी ओरडली.

"अगं, बोलू दे त्याला," मामा मोबाइलवर बोटानं सही करत म्हणाले. "गणित त्याचं, श्रद्धा माझी."

सही होऊन ऑफर परत गेली. मग त्यांनी जॉइनिंगची तारीख बघितली आणि बोटं पुन्हा हलायला लागली. मी आणि मामीनं एकदमच मोबाइलवर झडप घातली.