किराणा आणायची गाडी

लिओना वोइतासचं घर आणि माझं घर यांच्यामध्ये फक्त एक बोळ होता. आम्ही दोघं एकाच कारखान्यात कामाला. ती शिवणखात्यात, मी गाड्यांना दारं बसवणाऱ्यांत. मोटारींच्या कारखान्याभोवती वसलेल्या आमच्या हॅमट्रॅमकमध्ये त्या काळी कुणी कुणाला 'काय करतोस' म्हणून विचारत नसे. 'कोणत्या पाळीला असतोस' एवढंच विचारायचे.

शिवणखात्यात सगळ्या बायकाच. गाड्यांच्या सीटांची कव्हरं त्या शिवायच्या. लिओना तेवीस वर्षांची होती आणि तिचा हात इतका साफ होता की मुकादम तिचं काम उलटून बघायचासुद्धा नाही. दोरा संपवायची प्रत्येकीची आपली एक खोड असायची. लिओना शेवटी तीन टाके उलटे घालून वर एक आडवा मारायची.

सत्तर सालच्या वसंतात कामगारांना गाड्या सवलतीत मिळत होत्या. लिओनाने सुट्टीच्या दिवशी कारखान्यामागच्या मैदानात उभ्या असलेल्या गाड्यांची दारं एकेक करून उघडली, सीटाखाली हात घालून चाचपलं, आणि आपला टाका लागला ती गाडी घेतली. जांभळी, दोन दारांची, पुढे हे एवढं इंजिन. मुकादम हसला. म्हणाला, एवढ्या इंजिनाचं तू करणार काय? किराणा आणणार?

"हो, किराणाच आणणार," लिओना म्हणाली.

आणि तिने तेच केलं. आज लोकांना खरं वाटत नाही, पण त्या गाड्या आमच्यासारख्यांसाठीच होत्या. साध्या सांगाड्यात दांडगं इंजिन, आत चैनीचं काही नाही, म्हणून खिशाला परवडायच्या. शनिवारी पोरं त्या वूडवर्डच्या रस्त्यावर पळवायची आणि सोमवारी त्यातूनच डबा घेऊन कामावर यायची. बहुतेकांच्या गाड्या दहा वर्षांत भंगारात गेल्या. आमच्याकडे हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात. ते लोखंड खातं. लिओनाच्या गाडीचंही खाल्लं. पण तिचा नवरा काझ पत्र्याचं काम जाणायचा. एका बंद पडलेल्या बेकरीच्या पाटीचा पत्रा कापून त्याने मागच्या चाकावर ठिगळ लावलं. गाडी वर उचलली की ठिगळाच्या आतल्या बाजूला पावाचं अर्धं चित्र दिसायचं.

ऐंशी साली कारखान्याला टाळं लागलं. लिओना इस्पितळाचे पडदे आणि चादरी शिवायला जाऊ लागली, रोज अकरा मैल, त्याच गाडीने. मुलगा मिच त्याच गाडीत वाढला, त्याच गाडीवर शिकला, आणि त्यानेच ती एकदा चर्चच्या फाटकावर घातली. काझची फुप्फुसं गेली तेव्हा ती त्याला आठवड्यातून दोनदा दवाखान्यात न्यायची. तो पुढच्या सीटवर प्राणवायूची टाकी मांडीत घेऊन बसायचा आणि सिग्नलला म्हणायचा, जरा पळव ना. ती पळवायची. तो गेल्यावर तिने सीट बदलली नाही की रंग काढला नाही. जांभळ्याचा पार मळका वांग्याचा रंग झाला होता.

यानंतर जे झालं त्याची सुरुवात माझ्या तोंडाने झाली.

दोन हजार नऊचा उपासाचा महिना. त्यात शुक्रवारी मांस वर्ज्य, म्हणून चर्चच्या तळघरात तळलेले मासे असतात, तिथे बाहेरची माणसंही येतात. माझ्या टेबलावर व्हॅन आल्स्टिन नावाचा एक दातांचा डॉक्टर येऊन बसला. उत्तरेकडच्या श्रीमंत वस्तीतला, पण वागायला साधा. जुन्या गाड्यांचा शौकीन निघाला. मी कारखान्यात होतो म्हटल्यावर त्याने असे डोळे मोठे केले की मला आवडलं. तीस वर्षांत माझ्याकडे कुणी तसं बघितलं नव्हतं. मग मी सांगितलं की त्यातली एक गाडी आमच्या बोळातच आहे, पहिल्याच मालकिणीकडे, रोज चालते. त्याच्या हातातला काटा तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी तो लिओनाच्या दारात. तिने त्याला कॉफी दिली. त्याने जो आकडा सांगितला तो तिच्या घराच्या किमतीपेक्षा मोठा होता. ती म्हणाली, मग मी कामाला कशाने जाऊ? तो हसून म्हणाला, त्यात तुमच्या पाच नव्या गाड्या येतील. त्यावर ती म्हणाली, मला गाडी हवी कुठेय, माझ्याकडे आहे की.

डॉक्टर गेला, पण बातमी गेली नाही. अनोळखी माणसं बोळात येऊन फोटो काढू लागली. काचेच्या वायपरखाली चिठ्ठ्या येऊ लागल्या. एकदा दुकानाबाहेर बर्फाच्या चिखलात ती पिशव्या ठेवत होती, तर एक चांगल्या कोटातला गृहस्थ तिला म्हणाला, बाई, अशी गाडी या मिठात काढता, तुम्हाला काही वाटत नाही? तिने ते मला हसत सांगितलं, पण त्या रात्री तिने गाडी धुतली. आधी ती हिवाळ्यात कधी धूत नसे.

मग विमावाल्यांचं पत्र आलं. त्यांनाही कुठून तरी कळलं होतं. एवढ्या किमतीची गाडी रोजच्या वापराच्या विम्यात बसत नाही, ती 'संग्राह्य' म्हणून उतरवावी लागेल. आणि संग्राह्य गाडी प्रदर्शनाला नेता येते, सुट्टीच्या दिवशी फेरी मारता येते. कामावर नेता येत नाही. किराणा आणता येत नाही. तसं छापलेलंच होतं. लिओनाने ते पत्र मला वाचायला दिलं आणि म्हणाली, "क्लेम, यांनी माझा मुकादम गाठला वाटतं."

मी हसलो. ती हसली नाही.

तो हिवाळा गाडी गॅरेजमध्ये उभी आणि लिओना बसच्या थांब्यावर. दोनदा कुणीतरी गॅरेजचं कुलूप तोडायचा प्रयत्न केला. मिच दर रविवारी यायचा आणि तेच बोलायचा: आई, विकून टाक, नाहीतर एक दिवस कुणीतरी तुझं डोकं फोडून घेऊन जाईल. फेब्रुवारीत ती थांब्यावर बर्फावरून घसरली आणि कमरेचं हाड मोडलं. इस्पितळात, तिनेच शिवलेल्या पडद्याआड, तिने मला सांगितलं की डॉक्टरला बोलाव.

मी बोलावलं. तोही माझाच निरोप.

तिने भाव केला नाही. एकच अट घातली.

"चालवा. उभी करून ठेवू नका."

"नक्की चालवीन," व्हॅन आल्स्टिन म्हणाला, आणि तिचा हात दोन्ही हातांत घेतला. मी तिथे होतो. तो खोटं बोलत होता असं मला वाटलं नाही, आजही वाटत नाही. त्या क्षणी त्याला खरंच चालवायची होती.

दीड वर्षाने त्याचं आमंत्रण आलं. एका मोठ्या बागेत प्रदर्शन होतं. लिओनाने पहिली मालकीण म्हणून यावं, सोबत मीही. मी तिला माझ्या गाडीतून नेलं. तिने निळा पोशाख घातला होता, केस करून घेतले होते, आणि डॉक्टरसाठी कोबी भरून उकडलेल्या पिएरोगींचा डबा घेतला होता.

गाडी बंद ट्रकमधून आली. हिरवळीवर उतरवली तेव्हा आजूबाजूची माणसं भोवती गोळा झाली. जांभळा रंग असा की त्यात ढग दिसत होते. मी वाकून मागच्या चाकाच्या वर बघितलं. ठिगळाच्या जागी नवा कोरा पत्रा. मिचने फाटकावर घातली तेव्हाचा पोचाही नव्हता. लिओनासाठी गाडीशेजारी खुर्ची मांडली होती आणि पाटी लावली होती: जिने ही गाडी घडवली आणि जपली.

तिने पाटी वाचली नाही. दारातून आत डोकं घातलं, सीटाखाली हात घातला आणि बराच वेळ चाचपत राहिली.

"माझी सीट कुठेय?" तिने विचारलं.

डॉक्टर म्हणाला, ती फार झिजली होती, शिवाय कुणीतरी मध्ये कधीतरी चुकीच्या दोऱ्याने शिवली होती, तपकिरी. टाकून द्यावी लागली. ही हुबेहूब मूळ नमुन्याप्रमाणे करून घेतली आहे, काळ्या दोऱ्याने.

लिओनाने त्याला समजावून सांगितलं. सत्तरच्या जानेवारीत मालमोटारवाल्यांचा संप होता. काळा दोरा आला नाही. मुकादमाने तपकिरी रिळं दिली, म्हणाला, शिवा, बसल्यावर कुणाला दिसतंय. तीन आठवडे आम्ही सगळ्या तपकिरीनेच शिवत होतो. ती सीट मी शिवली, तेव्हाच, मशीनवर, आणि त्यानंतर कुणी तिला हात लावलेला नाही.

तेवढ्यात गुण द्यायला परीक्षक आला. तिशीतला मुलगा, हातात कोणती गाडी मुळात कशी होती ते सांगणारं जाडजूड पुस्तक. त्याने तिचं सगळं ऐकून घेतलं, अगदी अदबीने. मग पान उघडून दाखवलं.

"मावशी, इथे काळाच दिलाय," तो म्हणाला. "चाळीस वर्षं झाली. माणसाच्या लक्षात गोष्टी सरमिसळ होतात."

"पुस्तक लिहिणारा शिवणखात्यात होता का?"

मुलगा ओशाळला आणि त्याने डॉक्टरकडे बघितलं. डॉक्टर एक शब्द बोलला असता तर पुरे होतं. पण तपकिरी दोरा खरा ठरला असता तर त्याने मूळची सीट फेकून नकली बसवली असं ठरलं असतं. त्याने लिओनाच्या खांद्यावर हात ठेवला आणि परीक्षकाला म्हणाला की जुन्या माणसांच्या आठवणी हीच खरी या छंदातली गंमत. मुलाने मान डोलावली आणि सीटचे पूर्ण गुण लिहिले.

लिओना खुर्चीवर बसली. थोड्या वेळाने तिने विचारलं, किती चालवलीत?

डॉक्टर खाली बघत म्हणाला, आता इतकं काम केल्यावर रस्त्यावर काढायला भीती वाटते, एक खडा उडाला तरी किंमत उतरते. ट्रकमधून उतरवून इथपर्यंत आणली तेवढीच.

दुपारी गाडीला पहिलं बक्षीस मिळालं. त्यानंतर त्याने एक कागद आणला. हीच ती गाडी, कारखान्यातून आली तशीच, असं पहिल्या मालकिणीने सहीनिशी लिहून द्यायचं होतं. लिओनाने कागद पूर्ण वाचला, घडी घातली आणि परत दिला.

"ही माझी गाडी नाही," ती म्हणाली. "माझी तुम्ही टाकून दिलीत." आणि मला म्हणाली, चल. मी म्हटलं, तू माझ्या गाडीकडे हो, मी डॉक्टरच्या तंबूत ठेवलेला डबा घेऊन येतो.

मी डबा घ्यायला गेलो तेव्हा डॉक्टर तंबूच्या सावलीत होता. मला त्याने थंड बीअर दिली. तो अस्वस्थ होता, खरोखर. म्हणाला, त्यांना दुखवायचं नव्हतं. मग म्हणाला, क्लेम, तुम्हीही तिथेच होता ना, दारं तुम्हीच बसवायचात. म्हणजे हिची दारंही तुम्हीच बसवली असतील.

असतील. त्या महिन्यात त्या पाळीला आम्ही चौघं दारं बसवायचो. तेवीस वर्षं मी दारं बसवली आणि एकाही दारावर माझं नाव नव्हतं. लिओनाला तिचा टाका तरी ओळखता येत होता. बोल्टला खोड नसते. डॉक्टरने कागदावर 'दारं बसवणारा कारागीर' असं आपल्या हाताने लिहिलं आणि पेन माझ्यापुढे धरलं. त्याखाली आधीचा मजकूर तोच होता: कारखान्यातून आली तशीच. मला ते खोटं आहे हे माहीत होतं. मी सही केली. त्याने मला पैसे दिले नाहीत, मीही मागितले नाहीत. दिले असते तर बरं झालं असतं, निदान काही कारण तरी सांगता आलं असतं.

डबा तसाच भरलेला होता. परतीच्या वाटेवर लिओना म्हणाली की पिएरोगी तू घेऊन जा. मी सहीचं बोललो नाही.

दोन हजार तेराच्या जानेवारीत ती गाडी दूर ॲरिझोनात लिलावात गेली. डॉक्टरला म्हणे गॅरेजमध्ये जागा हवी होती. त्याने लिओनाला दिले त्याच्या तिपटीहून जास्त आले. मिचने लिलावाची छापील पुस्तिका कुठून तरी मिळवली आणि मोठ्या कौतुकाने आईला दाखवली. त्यात गाडीच्या चित्राशेजारी माझ्या सहीच्या कागदाचं चित्र होतं.

ती पुस्तिका हातात घेऊनच बोळ ओलांडून आली. मी दार उघडलं. तिने पान माझ्यासमोर धरलं.

"तू होतास तिथे, क्लेम. मी त्या पोराला दोऱ्याचं सांगत होते तेव्हा तू माझ्या शेजारी उभा होतास."

मी म्हटलं, हो.

"मग?"

मला दारांचं काहीतरी सांगायचं होतं. पण तिच्यापुढे ते फारच क्षुल्लक वाटलं. तिने पुस्तिका माझ्या पायरीवर ठेवली आणि गेली.

गाडीच्या पैशातून तिने एक जुनी राखाडी गाडी घेतली होती, लहानशी, चार दारांची. तिचा विमा सहज उतरला. तिच्यातूनच ती कामाला जाई, दुकानात जाई. बाकीचे पैसे बँकेतच राहिले. तिने त्यातून स्वतःसाठी कधी काही घेतल्याचं मला माहीत नाही. दोन हजार सतरा साली ती वारली तोवर आम्ही समोरासमोर राहिलो. भांडण असं नव्हतं. बोळात भेटलो की ती मान हलवायची. हिवाळ्यात सकाळी ती कमरेवर हात ठेवून त्या राखाडी गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडताना दिसली की मी कोट चढवून बाहेर जायचो, खरवडणी घ्यायला हात पुढे करायचो.

"राहू दे," ती म्हणायची, आणि खरवडत राहायची.