चूक आधी मालकाची

फोन आला तेव्हा मी जिनिंगच्या ऑफिसात हंगामाच्या कामांची यादी करत बसले होते. हायवेवर कंटेनरने दादाच्या गाडीला मागून धडक दिली होती. गाडीचं तोंड पुलाच्या कठड्यात घुसलं, पत्रा कापून त्याला बाहेर काढावं लागलं, आणि दवाखान्यात पोचण्याआधीच तो गेला. मी यादीचं पान उलटलं आणि मागच्या बाजूला लिहिलं : वहिनी, पोलीस, गाडी, लाकडं. रडणं त्या यादीत नव्हतं. ते सगळं उरकल्यावर आलं... माझा मोठा भाऊ जन्मभर धडका देत आणि घेतच जगला, त्यामुळे त्याच्या जाण्याच्या तऱ्हेचं मला फारसं आश्चर्य वाटलं नाही. राग मात्र आला.

हिंगणघाटची आमची जिनिंग बाबांच्या वेळची. कापसातली सरकी वेगळी करून रुई काढायची, एवढंच काम. पण ते करणाऱ्या बायका जिनच्या फिरत्या रोलरच्या तोंडाशी हातानं कापूस सारत. एका दुपारी कमलाबाईचा हात आत ओढला गेला. पांढऱ्या रुईवर रक्त उडालं, आणि पट्टा थांबेपर्यंत तिची तीन बोटं गेली होती. तिला दवाखान्यात ठेवून दादा परतला, त्यानं घण उचलला आणि ती जिन फोडली. बाबांनी आणलेली, चालू स्थितीतली जिन. ओतीव लोखंड तडकून तुकडे भिंतीला लागत होते आणि आम्ही सगळे भिंतीशी उभे होतो. कोणी अडवायला गेलं असतं तर त्यानं त्यालाही ठेवून दिली असती.

मग त्यानं नवी लाइन मागवली. तिच्यात पाइपातून हवेनं कापूस ओढला जातो, जिनपाशी हात न्यावा लागत नाही. पण मशीन घेऊन ट्रक आला त्या दिवशी फाटकावर माणसं जमली होती, आणि त्यात टोपल्या वाहणाऱ्या आमच्याच बायका पुढे होत्या. मशीन आलं म्हणजे आपली चूल विझली, असा त्यांचा हिशेब होता आणि तो काही वेडा नव्हता. दगड आले. एक दादाच्या कपाळावर बसला. तो रक्त गळत असतानाच ट्रकवर चढला, सगळ्यांना शिव्या दिल्या आणि शेवटी ओरडून सांगितलं की एकही बाई घरी जाणार नाही, टोपलीवालीनं बटणं शिकायची. पहिल्यांदा शिकायला आली ती कमलाबाई. डाव्या हातानं पॅनल चालवू लागली.

लाइनची देखभाल मिलिंद करायचा. आयटीआय झालेला आमचा फिटर, हाताचा नेटका, बोलण्यात कमी. पाइपात एक डोळा बसवलेला आहे, काचेचा. कापसाबरोबर ठिणगी गेली की त्याला दिसते आणि पंखा आपोआप बंद पडतो. दसऱ्यासाठी मिलिंद नागपूरला दीक्षाभूमीवर जाणार होता. खंडेनवमीला त्यानं तो डोळा साफसफाईला उतरवला, परत आल्यावर बसवतो म्हणाला आणि गेला. संध्याकाळी पाटावर पाने, हातोड्या, सगळी अवजारं मांडली, त्यात तो डोळाही होता. दादानं एकेका अवजाराला कुंकू लावलं. दसऱ्याला मुहूर्ताच्या कापसासाठी मिलिंदची वाट बघणं त्याला जमेना. त्यानं स्वतःच डोळा बसवला आणि लाइन सुरू केली.

बैलगाडीच्या कापसात लोखंडाचा तुकडा आला असावा. ठिणगी पाइपातून सरळ रुईच्या ढिगात गेली. कापूस पेटतो तेव्हा आधी ज्वाळा दिसत नाही, आतून काळं पसरत येतं आणि मग एकदम भडका उडतो. पत्रे तडतडत वाकले. बायका एकमेकींना ओढत बाहेर पळाल्या. दादा आत होता, जळती रुई फावड्यानं बाहेर लोटत, आणि बाहेर आला तेव्हा त्याच्या दोन्ही हातांची कातडी सुटली होती.

दुसऱ्या दिवशी मिलिंद आला. दादानं काही विचारलं नाही. डोळा बिघडवून गेलास म्हणत पट्टी बांधलेल्या हातानंच सगळ्यांसमोर त्याच्या कानाखाली मारली. मिलिंदनं पाना खाली ठेवला आणि फाटकाकडे चालू लागला. त्याच्यामागे माणसं, मग बायका. तो गेला असता तर लाइन चालवणारं दुसरं कोणी नव्हतं. बाकीच्या जुन्या जिन शेडमध्ये होत्याच. बायकांचे हात पुन्हा रोलरशी जाणार होते.

मिलिंदची चूक दाखवायला दादानं डोळा खोलून आणला आणि चिंधीनं पुसू लागला. काजळी निघाली, खाली लाल दिसलं. कुंकू, तेलात कालवलेलं, काचेच्या बरोबर मध्ये. त्याच्या अंगठ्याच्या रेषासुद्धा दिसत होत्या. खोलीत आम्ही दोघंच होतो. चिंधी आणखी एकदा फिरली असती तर जगाला कळलं नसतं... त्यानं चिंधी खाली टाकली. मग तसाच डोळा घेऊन फाटकावर जमलेल्या माणसांत गेला.

‘‘मिलिंद, हा माहा अंगठा हाय. आंधळा म्याच केला त्याले. मार मले.’’

मिलिंद हलला नाही. दादा पुन्हा म्हणाला, ‘‘मार, नाई तं हे सारे आता मले खरं काईच सांगनार नाईत.’’

मिलिंदनं मारली. जपून नव्हे. दादाचा ओठ फुटला. मागून कमलाबाई म्हणाली, ‘‘भाऊ, आमी बी मारू काय?’’

‘‘लाइन लावा,’’ दादा रक्त थुंकत म्हणाला. कोणीतरी हसलं, आणि माणसं आत आली.

त्यानंतर दर शनिवारी पॅनलपाशी सगळे जमायचे. आधी मालकानं आठवड्यातली स्वतःची चूक सांगायची, मग बाकीच्यांनी, आणि प्रत्येक चुकीमागे एकच प्रश्न : आता काय बदलायचं? कापूस ओतायच्या जागी लोहचुंबक बसवा, हे कमलाबाईनं तिथंच सांगितलं आणि आठवडाभरात ते बसलं. दादा सुधारला असं मी लिहिणार नाही. फोन आपटायचा, शिव्या द्यायचा. पण खरं सांगणाऱ्यावर त्यानं पुन्हा हात उचलला नाही.

तेरवीनंतरच्या शनिवारी सवयीनं सगळे जमले. कोणी तोंड उघडेना, कारण पहिली पाळी दादाची. शेवटी कमलाबाई उठली.

‘‘भाऊची चूक मी सांगतो. त्यानं गाडीत पट्टा नाई लावलता. कदी लावतच नव्हता.’’

डॉक्टरांनी मलाही तेच सांगितलं होतं. मी ते कोणाजवळ बोलले नव्हते. मग मिलिंदनं विचारलं, ‘‘मंग आता काय बदलाचं?’’

सोमवारी मी बाजारात जायला गाडी काढली. चौकीदारानं फाटक उघडलं नाही. तो खिडकीशी आला, वाकून माझ्या खांद्याकडे बघत राहिला. मी पट्टा ओढून लावला. मग फाटक उघडलं.