सतराव्या सैनिकाचा तिसरा रंग

मी धानाचे दाणे मोजतो. हा माझा छंद नाही, नोकरी आहे.

वाणाची परीक्षा घेताना एक हजार दाणे मोजून त्यांचं वजन करावं लागतं. नऊशे नव्याण्णव चालत नाहीत, एक हजार एकही चालत नाहीत. सिंदेवाहीच्या धान संशोधन केंद्रात चोवीस वर्षं मी चिमट्याने एकेक दाणा उचलतो आहे, आणि माझ्या मोजणीत चूक निघाल्याचं कुणाला आठवत नाही. त्यामुळे बारीक काम आपल्याला येतं, असा माझा समज झाला होता. (चोवीस वर्षं कुणी दुसरं बारीक काम सांगितलंच नाही, की असा समज होतो.)

मागच्या मे महिन्यात माझी मुलगी श्वेता नागपूरहून घरी आली ती उजव्या मनगटाला प्लास्टर घालून. तिथे ती एका कंपनीत कामाला आहे. स्कूटी घसरून पडली होती. डाव्या हातात एक खोका होता. आम्हाला वाटलं, संत्रा बर्फी. निघाले प्लास्टिकचे वीस राखाडी सैनिक, तिच्या मित्राने यंत्रावर छापून दिलेले, प्रत्येकाच्या हातात भाला. (मी मोजले. भाला सोडून उंची अठ्ठावीस मिलिमीटर.)

हा एक टेबलावरचा खेळ आहे, असं तिने समजावून सांगितलं. दोन्हीकडे अशा फौजा, मध्ये खोट्या टेकड्या. फासे टाकायचे आणि टेपने अंतर मोजून सैनिक पुढे सरकवायचे. टेपने अंतर मोजायचं म्हटल्यावर त्या खेळाबद्दल माझं मत चांगलं झालं. माझी बायको सुनंदा म्हणाली की म्हणजे लुडोच झाला, सोंगट्यांना हातपाय आहेत इतकंच.

रविवारी नागपुरात स्पर्धा होती. दोन वर्षं वाट पाहून श्वेताला चौघांच्या चमूत जागा मिळाली होती. नियम असा, की प्रत्येक सैनिकाच्या अंगावर किमान तीन रंग हवेत. एकालाही एक रंग कमी पडला, तर सगळी फौज बाहेर आणि तिच्या जागी राखीव खेळाडू आत. तो राखीव खेळाडू आपली फौज रंगवून तयार बसला होता. श्वेताचा हात मोडल्याचं कळताच त्याने तिला ‘काळजी घे, अजिबात घाई करू नको’ असा फार प्रेमाचा मेसेज पाठवला होता.

त्या दिवशी बुधवार होता. मी म्हणालो, मी रंगवतो.

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. तू लहान असताना तान्ह्या पोळ्याला तुझा लाकडी नंदी मीच रंगवत होतो, अशी मी आठवण करून दिली. त्यावर श्वेताने दुसरी आठवण करून दिली. नंदी सजवण्याच्या स्पर्धेत परीक्षकांनी तो नंदी उचलून, हा कोणता प्राणी आहे, असं तिला विचारलं होतं.

तरी तिच्यापुढे दुसरा उपाय नव्हता. तिने रंगांच्या बाटल्या काढल्या, मी चष्मा, भिंग आणि चिमटा काढला. पहिल्या सैनिकाला मी मनापासून रंग दिला. बाटलीतून थेट, भरपूर, कुठेही कंजुषी नाही. झाल्यावर तिच्या हातात दिला.

तिने तो फिरवून फिरवून पाहिला. “बाबा, याचं तोंड कोनत्या बाजूनं हाय?”

तोंड होतं. रंगाखाली होतं. तिने सांगितलं की रंगात पाणी घालायचं, दुधाइतका पातळ करायचा आणि दोन हात द्यायचे. मी विचारलं, कोणत्या दुधाइतका? कारण आमच्याकडे येणारं दूध आणि दूध यांत फरक आहे. ती म्हणाली, अंदाजाने घ्या. अंदाज हा शब्द आमच्या खात्यात फक्त वाईट बातमीसाठी वापरतात. मी ड्रॉपर आणला आणि प्रमाण ठरवून टाकलं: रंगाचे पाच थेंब, पाण्याचे तीन.

दुसऱ्या सैनिकाचं तोंड राहिलं, पण डोळे काढताना घोटाळा झाला. एक डोळा चंद्रपूरकडे लागला, दुसरा गडचिरोलीकडे. श्वेता म्हणाली, डोळे सोडा, तीन फुटांवरून कुणाला दिसत नाहीत. मी ऐकलं नाही. रकाना कोरा सोडायची मला सवय नाही. बुधवार संपला तेव्हा दोन सैनिक झाले होते आणि त्यांतला एक परत खरवडायचा होता.

गुरुवारी सकाळी मी हिशेब मांडला. वीस सैनिक, तीन रंग, प्रत्येकी दोन हात, म्हणजे एकशे वीस हात. प्रत्येक हात वाळायला अर्धा तास धरला, तर एकामागे एक करत गेल्यास साठ तास. मग मी एकेक सैनिक पुरा करायची पद्धत बंद केली आणि धानाच्या रोवणीसारखी रांग लावली. आधी सगळ्यांचे लाल अंगरखे, मग सगळ्यांचे चेहरे, शेवटी खांद्यावरचा तपकिरी पट्टा. शुक्रवारी दुपारपर्यंत पट्ट्यांचा पहिला हात झाला. श्वेताने रांग पाहिली आणि म्हणाली, “जमून राह्यलं, बाबा.” त्या तीन शब्दांनी माझं नुकसान केलं.

कारण आता मला एक शंका आली: रंग वाळला, हे ठरवायचं कसं? बोट लावून पाहणं ही काही पद्धत नव्हे. धान वाळलं की नाही हे आम्ही वजनावरून ठरवतो. लागोपाठ दोन वजनं सारखी आली की वाळलं. घरात माझा स्वतःचा छोटा काटा आहे. (ऑफिसचा काटा मी घरी आणत नाही.) मी सैनिकांच्या पायाखाली क्रमांक लिहिले आणि वजनं घेतली. अर्ध्या तासाने परत घेतली. वजन उतरत होतं, पण अगदी सावकाश. मग दोष कुलरचा आहे हे लक्षात आलं. मे महिन्यात आमच्याकडे कुलरशिवाय जगता येत नाही, आणि कुलरच्या दमट हवेत रंग वाळत नाही.

बाहेर शेहेचाळीस अंश होतं. एवढं ऊन फुकट जात होतं!

मागच्या पडवीच्या टिनाच्या छपरावर सुनंदाचे सरगुंडे वाळत होते. काडीला गुंडाळून केलेल्या त्या गव्हाच्या शेवया दोन उन्हांत कशा खडखडीत होतात, हे मी वर्षानुवर्षं पाहत आलो होतो. मी सैनिकांचं ताट घेऊन शिडीला लागलो. श्वेता गोळी घेऊन झोपली होती, तिला विचारायचं राहिलं. खरं तर राहिलं नाही, मी विचारलं नाही.

सुनंदाने खालून सांगितलं, “टिनावर नोका ठेवू. टिन पाय भाजते, तुमाले मालूम हाय ना?”

मी म्हणालो की धान वाळतं, सरगुंडे वाळतात, मग सैनिक काय वेगळे आहेत? ती म्हणाली, धान आणि सरगुंडे आपण खातो. हे उत्तर मला त्या वेळी असंबद्ध वाटलं.

ताटात उष्णता नीट लागत नाही, म्हणून मी सैनिक थेट टिनावर मांडले, चार ओळी, प्रत्येकी पाच. वाळवण एकाच बाजूने वाळू नये म्हणून पंधरा मिनिटांनी सगळ्यांना पालट दिला, म्हणजे पालथं झोपवलं. परत पंधरा मिनिटांनी उभं केलं. मग ताक प्यायला खाली आलो आणि कुलरसमोर पाच मिनिटं बसलो. ही पाच मिनिटं मी घड्याळावर मोजली नव्हती. डोळे उघडले तेव्हा तीन वाजून गेले होते.

वर जाऊन पाहिलं तर रंग उत्तम वाळला होता. फौज मात्र वाकली होती. वीसच्या वीस सैनिक कंबरेतून पुढे झुकले होते आणि भाले खाली लोंबत होते, भरलेल्या धानाच्या लोंबीसारखे. धान असं वाकलेलं दिसलं की आम्ही खूश होतो आणि उत्पन्नाचा आकडा वाढवून लिहितो. इथे मी टिनावर उकिडवा बसलो, पायाला चटका बसला म्हणून परत उठलो, फौज ताटात भरून पडवीत उतरलो, आणि सतरा नंबरचा सैनिक उचलून चिमट्याने त्याचा भाला सरळ करू लागलो. तोवर तो पडवीच्या सावलीत थंड झाला होता. भाला तुटला.

मी आत गेलो आणि सुनंदाला ताट दाखवलं. तिने पाहिलं आणि पदर तोंडावर धरला. म्हणाली, “हे कोनाच्या पाया पडून राह्यले?”

श्वेताला काय सांगायचं, यावर मी विचार केला. माकडांचं नाव घेता आलं असतं. आमच्या आळीत वानरं येतात आणि त्यांच्यावर बरंच काही खपतं. पण वानर चार ओळींत पाच-पाच सैनिक मांडत नाही. मी तिला उठवलं आणि सगळं क्रमाने सांगितलं, तापमानासकट.

ती रागावली नाही. ती फोन उचलून त्या राखीव खेळाडूचा नंबर काढून बसली. तो नंबर मला रागापेक्षा जड गेला. एक-दीड मिनिटाने तिने फोन खाली ठेवला.

“आई, पानी गरम कर. उकळू नको देऊ.”

ज्याने वाकतं, त्यानेच सरळ होतं, असं ती म्हणाली. गरम पाण्यात धरायचं, नरम झालं की बोटाने सरळ करायचं आणि लगेच माठातल्या गार पाण्यात सोडायचं. हे काम सुनंदाने केलं. सरगुंडे काडीवरून न मोडता सोडवणारी बोटं आहेत तिची. एकोणीस सैनिक तिने पाऊण तासात ताठ उभे केले, बोलता बोलता, शेजारणीला सरगुंड्यांचं पीठ किती भिजवायचं हे सांगत. माझ्याकडे गार पाण्याचं भांडं धरायचं काम होतं. तेही मला दोनदा सरळ धरायला सांगावं लागलं.

सतरावा मी मागून घेतला. निदान तुटलेला तरी मी दुरुस्त करतो, म्हटलं. भाला चिकटवला. पण मी त्याला खात्रीसाठी गरम पाण्यात जरा जास्तच धरला होता, त्यात त्याचा पट्टा निघून गेला. शनिवारी सगळ्या पट्ट्यांचे दुसरे हात झाले, आणि सतराव्याचा पट्टा मी रविवारी पहाटे, निघायच्या आधी, नव्याने दिला. मग धक्का लागू नये म्हणून त्याला कापसात गुंडाळलं.

श्वेताचा हात प्लास्टरमध्ये, म्हणून सोबत मी गेलो. नागपुरात एका हॉलमध्ये तपासणीची रांग होती. टेबलाशी पांढऱ्या दाढीचे एक पंच बसले होते. ते फौजेवरून नजर फिरवायचे, मान हलवायचे आणि कागदावर खूण करायचे. आमच्या वीसवरूनही त्यांनी नजर फिरवली. खूण केली. राखीव खेळाडू आपला खोका बंद करू लागला. श्वेताने श्वास सोडला.

आणि मला दिसलं. सतराव्याच्या अंगाला कापूस होता, आणि पट्टा कापसाबरोबर गेला होता. मी भिंग लावून खात्री केली. लाल एक, चेहऱ्याचा एक. दोन.

तिसऱ्या रंगाशिवाय झालेली ती खूण मला सहन होईना. “साहेब,” मी म्हणालो, “याला दोनच रंग आहेत.”

पंचांनी वर पाहिलं. श्वेताने डोळे मिटले. राखीव खेळाडूने खोका परत उघडला.

“तुम्ही कोन?” पंचांनी विचारलं.

“हिचा बाप.”

“हिच्याच बाजूनं आले ना?”

मी सतरावा त्यांच्यापुढे धरला. पंच म्हणाले, नियम म्हणजे नियम. पण खेळ सुरू व्हायला दहा मिनिटं आहेत, तोवर फौज अपुरी आहे, बाद नाही.

श्वेताने डोळे उघडले. “बाबा, ब्रश हाय का?”

ब्रश होता, रंग होता, ड्रॉपर होता, काटासुद्धा होता. मी पाच थेंब मोजायला घेतले, तर तिने बाटली माझ्या हातातून काढून घेतली. झाकणातच थोडं पाणी घातलं, किती ते तिलाच माहीत. मग डाव्या हाताने, ज्या हाताने ती कधी सहीसुद्धा करत नाही, सतराव्याच्या खांद्यावर एक रेघ ओढली. खांद्यापासून कंबरेपर्यंत, एका दमात. चार दिवसांत माझ्या हातून तसा एकही पट्टा झाला नव्हता. मी विचारलं, तुला डाव्या हाताने येत होतं, तर मला का बसवलं? ती म्हणाली, वीस नसते झाले. आणि तुम्ही एवढे खूश होते.

पंचांनी ओला पट्टा पाहिला, मोजला, आणि दुसरी खूण केली. राखीव खेळाडू चहा प्यायला गेला.

श्वेता तीन डाव खेळली, एक जिंकली. तिला आनंद झाला. मला तर झालाच. टेप मीच धरला होता, आणि दोनदा समोरच्याच्या बाजूने निकाल दिला होता.

निघताना पंच मुद्दाम जवळ आले. एवढा काटेकोर माणूस आपल्याला मिळाला नाही, म्हणाले, पुढच्या स्पर्धेत तपासणीला बसाल का? मी संकोचाने श्वेताकडे पाहिलं. तिने माझ्या वतीने लगेच होकार दिला. तपासणाऱ्याने कोणत्याही सैनिकाला हात लावायचा नाही, असा तिथे कडक नियम आहे.