बाराच्या शोमधला पांढरा दुपट्टा

पडद्यावर भूत आलं, अख्खं थिएटर किंचाळलं, आणि माझ्या पुढच्या खुर्चीतला माणूस हललासुद्धा नाही.

घोळ इथूनच सुरू झाला. सांगते, पण आमच्या गल्लीत कुणाजवळ बोलू नका हं!

अख्खं थिएटर म्हणजे किती? मी, मागच्या रांगेत मुरमुरे खाणारी जवळच्याच शहापूर गावची एक काकू, पुढे हा माणूस, आणि कोपऱ्यात एक जोडपं, ज्यांना भुताशी काही घेणंदेणंच नव्हतं. म्हणजे किंचाळले ती मीच. दाराची कडी वाजली तरी दचकणारी मी, भुताचा सिनेमा बघायला जाते कशाला? आवडतात, म्हणून!

शिवाय मे महिना. भर उन्हाळ्यात भंडाऱ्यात कुठलाच सिनेमा पडत नाही. जगभर लोक विचारतात, गोष्ट कशी आहे, गाणी कशी आहेत. आमच्याकडे एकच प्रश्न: "थंडा आहे का?" कूलरसमोरची खुर्ची मिळाली की पडद्यावर काहीही चालू दे, "मस्त पिक्चर आहे!" माझ्या मते उन्हाळी सिनेमाचा खरा हीरो तो कूलरच. तीन तास न थकता घरघरतो, संवाद ऐकू देत नाही, आणि लेखकाची अब्रू वाचवतो.

पण मी त्या थिएटरात असायलाच नको होते. घरच्यांच्या हिशेबाने मी अभ्यासिकेत होते. बाबांनी बजावलं होतं, स्पर्धा परीक्षा होईपर्यंत सिनेमा बंद. एकदा जरी सापडलीस, तर थेट सानगडीला, आत्याकडे! आत्या पहाटे पाचला उठवते आणि मोबाईल कपाटात ठेवून किल्ली कमरेला लावते.

मी पुढच्या माणसाकडे पुन्हा बघितलं. ओळखू काय येणार? उन्हाळ्यात आमच्याकडे सगळेच सारखे दिसतात: डोकं, कान, नाक, सगळं पांढऱ्या दुपट्ट्यात गुंडाळलेलं. मान एका बाजूला कललेली. भूत दुसऱ्यांदा आलं. तिसऱ्यांदा तर छताला उलटं लोंबकळलं. हा गप्प.

"काकू," मी मागे वळून कुजबुजले, "हे हलत का नाहीत?"

काकूचा मुरमुऱ्यांचा हात थांबला. "अवो माय! ऊन लागलं असंन त्याले!"

"झोपले असतील..."

"एवढ्या बोंबाबोंबीत? कोनी निजते का? आमच्या गावचा एक असाच बसल्या बसल्या गेला, बाई. चाय हातात तशीच!"

झालं! मी पाय वर खुर्चीत ओढून घेतले.

"तू हात लावून पाह्य."

"मी? तुम्ही लावा ना!"

"मी कायले लावू? पोलिसवाले इचारतेत मंग." काकूने पिशवीतून कांदा काढला. ऊन लागू नये म्हणून मे महिन्यात आमच्याकडे पिशवीत कांदा असतोच. "हा धर त्याच्या नाकाले. अन् तुया घरच्या मोठ्या मानसाले फोन लाव."

घरचं मोठं माणूस म्हणजे बाबा. एकीकडे माणसाचा जीव, दुसरीकडे सानगडी. खोटं कशाला सांगू, एक अख्खं गाणं मी विचार करण्यात घालवलं. मग लावला फोन.

रिंग जात राहिली. बाबा उचलेनात. आणि तेवढ्यात त्या माणसाच्या शर्टाच्या खिशात उजेड पेटला!

"पाह्य, पाह्य! घरून फोन येऊन राहिला त्याले!"

माझी रिंग संपली. तिकडचा उजेडही विझला.

"थकली बिचारी," काकूने उसासा टाकला.

मी पुन्हा लावला. खिसा पुन्हा उजळला.

"लेकच असंन, बाई. बायको एवढे फोन नाही करत!"

मला रडूच फुटलं. कुठेतरी एक मुलगी बापाला फोनवर फोन लावतेय, बाप इथे गार पडलाय, आणि तिला पत्ताच नाही! माझेही बाबा उचलत नव्हते ना, त्यामुळे तिचं दुःख मला जरा जास्तच कळलं. त्या अनोळखी पोरीसाठी मी ठरवलं, बस्स! सानगडी तर सानगडी. बाबांना सगळं खरं सांगायचं. बाबा, मी खोटं बोलले, सिनेमाला आले, पण आधी या माणसाला वाचवा!

तिसऱ्यांदा फोन लावला. फोन एका हातात, कांदा दुसऱ्या हातात. डोळे मिटून, खुर्चीवरून वाकून, मी कांदा त्या दुपट्ट्यातल्या नाकाशी नेला.

खिसा थरथरला. आणि त्या माणसाचा हात उठला!

काकूचे मुरमुरे माझ्या डोक्यावर उडाले. माझा कांदा तिथेच, त्याच्या नाकावर. त्या हाताने खिशातून फोन काढला, दुपट्ट्याच्या आत कानाशी नेला, आणि माझ्या फोनमधून अन् माझ्या कांद्याखालून एकाच वेळी आवाज आला,

"हॅलो! काहून फोनवर फोन करून राहिली बेटा? मी ऑफिसात आहो, साहेब समोर बसले आहेत! तू अभ्यासिकेतच आहे नं?"